कोऱ्या जागेची वसुली

चित्रकलेच्या वर्गाची फी भरणारा मनुष्य, आणि विशेषतः तो महाडच्या बाजारपेठेत लहानाचा मोठा झालेला असेल तर, दिलेल्या पैशाचा पुरेपूर मोबदला घेतल्यावाचून उठत नाही. उलट जलरंग ही विद्या अशी विक्षिप्त की, तीत जितके कमी करावे तितके अधिक पदरात पडते. या दोन प्रवृत्तींचा संग्राम ज्याला समक्ष पाहावयाचा असेल त्याने आषाढात महाडला यावे आणि निवृत्त ड्रॉइंग मास्तरांच्या ओटीवर भरणाऱ्या वर्गात नाव घालावे.

आषाढातच का, तर हवेमुळे. डिंकात खललेली रंगाची पूड पाणी उडून गेले म्हणजे कागदाला धरून बसते, एवढाच या रंगाचा व्यवहार. परंतु जेथे दोरीवरचे धोतर आठवडाभर ओलेच राहते तेथे पाणी उडून जाणार कोठे? म्हणून ‘वाळू द्या’ हा मास्तरांचा हुकूम, जो कोरड्या मुलखातले उतावळे विद्यार्थी सर्रास मोडतात, तो येथे निसर्गच अमलात आणतो. अर्धवट वाळलेल्या थरावर जो ओला कुंचला टेकवील, त्याच्या आकाशात तत्काळ फुलकोबी उगवते. आपला थर वाळेपर्यंत इतरांची चित्रे बिघडताना पाहावीत. माझ्या मते फीचा निम्मा वसूल तेथेच होतो.

आमचे अण्णा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म हद्दी कायम करण्यात गेल्यामुळे, ओल्या कागदावर डोंगराने आकाशाच्या हद्दीत केलेले अतिक्रमण त्यांना खपत नसे. त्यातच मास्तरांनी सर्वांच्या पेटीतली पांढऱ्या रंगाची नळी जप्त केली. कारण पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद, आणि आंबेनळी घाटातला धबधबा काढावयाचा तर भोवतीचा काळा कातळ तेवढा रंगवून पाण्याला हातही लावावयाचा नाही.

“म्हणजे फी भरून जागा पडीक ठेवायची?” अण्णांनी खुलासा मागितला.

मास्तरांनी सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांचा दाखला दिला. हातातल्या दिव्याच्या उजेडात उजळलेली ती स्त्री, जी म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, ती हळदणकरांनी १९४५-४६ च्या सुमारास जलरंगांतच उतरविली.

“ते रविवर्म्याचं तैलचित्र!” अण्णा गरजले. या समजुतीची वहिवाट पुष्कळ घरांत आहे.

“रविवर्मा १९०६ साली वारला, अण्णा,” मास्तर शांतपणे म्हणाले. आणि तारखेपुढे नमणे हा कचेरीचा धर्मच असल्यामुळे प्रकरण तेथेच निकालात निघाले.

पुढे वर्ग रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला नेण्यात आला. रायगड काढावयाचा, अशी प्रत्येकाची मनीषा. आणि जे दिसेल तेच काढा, असा मास्तरांचा दंडक. दिसत होते फक्त ढग. वर्गातल्या पोलादपूरच्या ताईंनी कंटाळून एक म्हैस काढली, जी उत्तम साधली. अण्णांनी मात्र निळा आणि तपकिरी रंग कालवून एक फिकट करडा हात कागदभर फिरविला, तो आपण होऊन वाळेपर्यंत स्वस्थ बसून राहिले, आणि मग कागद उलटा करून पाठीमागे स्वच्छ अक्षरांत लिहिले : ‘सदर रायगड समक्ष पाहून काढला.’ खाली पंचांच्या सह्यांसाठी दोन रेघा आखल्या. मी सही केली.

ताईंनी चित्र उलटसुलट करून पाहिले. “अण्णा, यात गड कुठाय?”

“ढगाआड. तसा शेरा मारतो, सही करा.”