सहल-संहिता : ओकायामातील शिक्षक दांपत्यांसाठी

जपानमधल्या सरकारी शाळांना 2002 च्या एप्रिलपासून पाच दिवसांचा आठवडा आहे. म्हणजे शनिवारी आणि रविवारी शाळेला सुट्टी असते. शिक्षकांना असते की नाही, हा वेगळा प्रश्न. त्याचे उत्तर शनिवारी सकाळी मैदानावरून जाताना मिळते. गणिताचे सर बेसबॉलच्या मुलांना पळवत असतात आणि संगीताच्या बाई बँडच्या मुलींकडून एकच सूर पुन्हा पुन्हा घोटून घेत असतात. इंग्रजीसाठी परदेशातून आलेल्या सहायक शिक्षकाला मात्र ही सुट्टी खरोखरच मिळते. 1987 साली सुरू झालेल्या जेट कार्यक्रमातून असे हजारो तरुण जपानच्या गावोगावी येऊन राहिले, आणि त्यांत काही जोडपीही असतात. प्रस्तुत संहिता त्यांपैकी मराठी बोलणाऱ्या, ओकायामा प्रांतात नेमणूक झालेल्या आणि संसार टिकवण्याची इच्छा असलेल्या जोडप्यांसाठी आहे. इतरांनी ती आपापल्या जबाबदारीवर वाचावी.

सर्वांत आधी अपराधी भावनेचा बंदोबस्त करावा. स्टेशनकडे जाताना शाळेच्या मैदानाचा रस्ता टाळावा. गणिताचे सर घाम पुसत, टोपी काढून, कमरेत वाकून नमस्कार करतात. मग आपल्यालाही वाकावे लागते, आणि पाठीवरची सॅक डोक्यावर येते. नदीकाठचा रस्ता लांबचा आहे, पण तिथे फक्त बगळे असतात.

दुसरा बंदोबस्त प्रसिद्धीचा. परदेशात आपल्याला कोण ओळखते, या भ्रमात राहू नये. ज्या गावात आपण दोघेच भारतीय आहोत, तिथे आपल्याला कोण ओळखत नाही, ते शोधावे लागते. कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, गल्ल्यावर बसलेली मुलगी गेल्या वर्षीची विद्यार्थिनी असते आणि मागे रांगेत सहावीच्या मुलाची आई असते. आपल्या टोपलीकडे कोणीही टक लावून पाहत नाही, तरी सगळ्यांनी सगळे पाहिलेले असते. सोमवारी तिसऱ्या तासाला आपण मोठ्या उत्साहाने ‘रविवारी तू काय केलेस?’ हा इंग्रजी प्रश्न फळ्यावर लिहितो, आणि मागच्या बाकावरचे पोर स्वतःचे सोडून आपले उत्तर देते, ‘टीचर. बनाना. बिअर, टू.’ व्याकरण सुधारावे. माहितीत दुरुस्ती करू नये.

आता प्रवास. गडगंज असाल तर शिंकान्सेनने जा, आमचे काही म्हणणे नाही. शिक्षकाच्या खिशाला शोभते ते सेइशुन 18 हे तिकीट. ते 1982 पासून आहे, शाळांच्या सुट्ट्यांच्या हंगामात विकले जाते आणि फक्त साध्या गाड्यांना चालते. नावात अठरा असले तरी वयाची अट नाही. एके काळी पाच दिवसांचे एकच तिकीट घेऊन दोघांना एका दिवसात त्यातले दोन दिवस वापरता येत. संसार म्हणजे काय, हे रेल्वेला तेव्हा कळत होते. 2024 च्या हिवाळ्यापासून दिवस सलग हवेत आणि माणूस एकच हवा, असा नियम झाला. तेव्हा आता दोन तिकिटे काढावीत आणि गाडीत हा विषय काढू नये.

गाडीत कोणताच विषय काढू नये, हे अधिक बरे. जपानी डब्यात फोनवर बोलत नाहीत, मोठ्याने हसत नाहीत, आणि नवरा-बायकोच्या भांडणासाठी तिथे कसलीही तरतूद नाही. आपली भाषा कोणाला कळत नाही, हा मराठी जोडप्यांचा आवडता युक्तिवाद. शब्द कळत नाहीत, हे खरे. पण मराठीत ‘तूच’मधल्या ‘च’वर जोर दिल्याखेरीज भांडण पुढे सरकत नाही, आणि तो जोर पडला की समोरचे आजोबा डोळे मिटून घेतात. ते झोपलेले नसतात. यावर उपाय असा, की मूळ मुद्दा बोगद्यात मांडावा आणि उत्तर पुढच्या बोगद्यापर्यंत राखून ठेवावे. उत्तरेकडे डोंगरात जाणाऱ्या हाकुबी मार्गावर ही सोय आहे. सेतो समुद्रावरच्या पुलावरून शिकोकूला जाताना ती नाही. तिथे खिडकीबाहेर बेटे दिसतात, तीच पाहावीत.

पहिली सहल कोराकुएनची. इकेदा त्सुनामासा या सरदाराने 1687 साली काम सुरू करून 1700 मध्ये ही बाग पुरी केली, आणि जपानच्या तीन नामांकित बागांत तिची गणना होते. पुण्याला सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान तिच्याच धर्तीवर केलेले आहे, म्हणूनच त्याला पुणे-ओकायामा मैत्री उद्यान असेही नाव आहे. जोडीतले कोणी पुण्याचे असल्यास त्याने वा तिने आत शिरल्याबरोबर ‘हे तर आपल्याकडे आहेच’ असे म्हणू नये. निदान तिकिटाचे पैसे दुसऱ्याने दिले असतील तर नाहीच. नदीपलीकडचा काळा किल्ला बागेतून फार सुरेख दिसतो. मूळचा किल्ला 1945 च्या जूनमध्ये बॉम्बहल्ल्यात जळाला. आताचा 1966 चा, काँक्रीटचा, आत लिफ्ट असलेला आहे. लिफ्टने वर गेलेल्या माणसास रायगडाविषयी बोलण्याचा अधिकार नाही.

तो अधिकार ताकाहाशी गावी मिळतो. तिथला बित्चू-मात्सुयामा किल्ला 430 मीटर उंचीवर आहे. जपानात जुने, मूळचे बालेकिल्ले उरलेत बारा, आणि त्यांतला हा सर्वांत उंचावरचा. इथे दम लागतो, जांभ्या दगडाची आठवण येते, आणि कोणत्याही मराठी नवऱ्याच्या तोंडून ‘आपल्याकडे महाराजांनी’ ही सुरुवात आपोआप बाहेर पडते. ती चढणीवर एकदाच पडू द्यावी, उतरताना नाही. वर पोचल्यावर भाषण तसेही थांबते, कारण गडाचा मान सांजुरो नावाच्या बोक्याकडे आहे. 2018 च्या पुरानंतर तो गडावर सापडला, आणि पुढे त्याला रीतसर किल्ल्याचा स्वामी नेमण्यात आले. लोक बुरुज पाहण्याआधी तो कुठे आहे ते विचारतात. बायकोने फोटो काढावा. नवऱ्याने इतिहास स्वतःशी ठेवावा.

हिमेजीच्या किल्ल्यालाही एकदा जाऊन यावे. पांढरा, भव्य, सगळे सांगतात तसाच आहे. नाओशिमा बेटावर शिल्पकार कुसामाबाईंचा पिवळा भोपळा आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये तो वादळात समुद्रात वाहून गेला आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसवला. त्याच्याजवळ फोटोसाठी रांग लागते. रांगेत उभे राहून ‘यात काय कला आहे’ असे म्हणायचे असेल तर गाडीच्या कलमातला बोगदा आठवावा.

खरी कसोटी कोतोहिराला, कोंपिरा-सानच्या पायऱ्यांवर. मुख्य देवळापर्यंत 785 आणि आतल्या देवळापर्यंत 1368. पायथ्याशी काठ्या भाड्याने मिळतात. ‘मला नको’ असे म्हणणाऱ्याला साधारण तिसऱ्या वळणावर जोडीदाराची काठी लागते, म्हणून काठ्या दोन घ्याव्यात आणि एक ‘उगीच घेतली’ असे दोघांनी म्हणावे. दोन्ही बाजूंना दुकाने, मधून धापा टाकणारी माणसे, वरून उतरणाऱ्यांचे ‘आलंच आता’ हे सर्व देशांत सारखेच खोटे आश्वासन. मराठी माणसाला इथे मार्गदर्शनाची गरज नाही. देवळाच्या आवारात पांढऱ्या छत्र्यांखाली पाच घराण्यांचे वारस एक पिवळी मिठाई विकतात. इथे विकण्याचा हक्क त्यांच्याकडेच परंपरेने आहे. मिठाईबरोबर ती फोडायला छोटी हातोडी मिळते. हातोडी कोणाकडे द्यायची, हा निर्णय पायऱ्या उतरून, पाणी पिऊन, शांतपणे घ्यावा.

खाली उदोन, म्हणजे जाड शेवया, खाव्यात. शाकाहारी जोडीदाराला मात्र आधीच सत्य सांगावे. सानुकी उदोनचा रस्सा सुक्या बारीक मासळीचा असतो, आणि वरून कांद्याची पात घातल्याने तो शाकाहारी होत नाही. ‘मांस नाही ना?’ असे विचारल्यास दुकानदार मनापासून ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्या मते मासा म्हणजे मांस नव्हे. बंगाली मित्रांना हे समजावून सांगावे लागत नाही. कोकणातल्या जोडीदाराला तो वास घरचा वाटतो. त्याने तसे बोलून दाखवू नये.

उन्हाळा सरला की ओन्सेनचे, म्हणजे गरम पाण्याच्या कुंडांचे, दिवस येतात. निळ्या पडद्यामागे पुरुष, तांबड्या पडद्यामागे बायका. लग्नानंतर सर्वांत शांत जाणारा तास तो हाच, असे अनेक जाणकार सांगतात. आधी बसून अंग स्वच्छ धुवावे, मगच कुंडात उतरावे. छोटा टॉवेल पाण्यात बुडवू नये, डोक्यावर ठेवावा. युकाता हा सुती झगा नेसताना डावी बाजू वर घ्यावी, कारण उजवी बाजू वर फक्त मृताच्या अंगावर घेतात. हे न कळल्यास यजमानीणबाई धावत येऊन आपल्याला पुन्हा जिवंत करतात. बाहेर भेटण्याची वेळ ठरवावी. जो आधी बाहेर येईल त्याने काचेच्या बाटलीतले थंड दूध प्यावे, दुसऱ्याची वाट पाहू नये. लोक याला स्वार्थ म्हणतात. आमच्या मते ती तिथली रीत आहे. उत्तरेकडे युबारा गावी धरणाखाली नदीकाठी एक उघडे, फुकट आणि स्त्री-पुरुषांचे एकत्र कुंड आहे. तिथे जाण्याआधी आपल्या शाळेचा एकही विद्यार्थी त्या खोऱ्यात राहत नाही, याची खात्री करावी. अशी खात्री कधीच होत नाही. म्हणून धरण पाहून परत यावे.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी साइदाइजीला नग्न उत्सव असतो. नावाने घाबरू नये; पुरुष लंगोट लावतात, फक्त लंगोटच लावतात. थंड पाण्यात उतरून हजारो जण देवळात कोंबले जातात, रात्री दिवे विझतात आणि वरून टाकलेल्या लाकडी दांडक्यांसाठी झुंबड उडते. दांडके मिळवणाऱ्याचे वर्ष भरभराटीचे जाते, अशी श्रद्धा आहे. मुख्याध्यापकांनी ‘तुम्हीही या’ म्हटले तर पत्नीने नवऱ्याच्या वतीने तत्काळ होकार द्यावा. तिचे काम कपडे सांभाळणे आणि चित्रीकरण करणे एवढेच. ते दोन्ही ती आयुष्यभर करील.

एक खबरदारी सोमवारची. शाळेचा क्रीडामेळा शनिवारी-रविवारी झाला, की सोमवारी बदली सुट्टी मिळते आणि माणूस हर्षभरित होतो. हर्ष आवरावा. कुराशिकीचे 1930 सालचे ओहारा संग्रहालय, नाओशिमाचे भूमिगत संग्रहालय आणि अशी बहुतेक ठिकाणे सोमवारीच बंद असतात. कोराकुएन मात्र वर्षभर उघडे असते, म्हणजे पुन्हा ‘आपल्याकडे आहेच’.

कचरा सोबत परत आणावा. 1995 साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाल्यापासून सार्वजनिक जागांतल्या कुंड्या कितीतरी ठिकाणी उचलल्या गेल्या, त्यामुळे केळ्याची साल दिवसभर खिशात घेऊन फिरणे हा इथला नागरिकधर्म आहे. ती कोणाच्या खिशात राहील, हे घरून निघतानाच ठरवावे.

शेवटचे आणि सर्वांत कडक कलम ओमियागेचे. सहल झाली, याचा स्टाफरूममध्ये एकच पुरावा चालतो, तो म्हणजे जिथे गेलो तिथल्या गोड खाऊची पेटी. फोटो कोणी मागत नाही. पेटीत प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळलेला असावा, आणि मधल्या सुट्टीआधी एकेक तुकडा प्रत्येकाच्या टेबलावर ठेवावा. ओकायामाचे किबीदांगो ओकायामातच वाटू नयेत. लोककथेतल्या मोमोतारोने ते कुत्रा, माकड आणि फेझंट पक्ष्याला दिले होते, आणि शिक्षकांना हा गोष्टीतला तपशील पाठ असतो. मियाजिमाची मॅपलच्या पानासारखी मोमिजी-मांजू चालते. हातोडीची मिठाई तर मुळीच नको. उपमुख्याध्यापक सकाळी सर्वांत आधी येतात, रात्री सर्वांत शेवटी जातात, आणि त्यांच्या टेबलावर आधीच पुरेसे आवाज असतात. पेटीवर नगांची संख्या आणि खाण्याची मुदत छापलेली असते, दोन्ही वाचा. संख्या धरताना बेसबॉलवाले गणिताचे सर येतील, बँडच्या बाई येतील, पण शाळेची बाग आणि दुरुस्ती पाहणारे काका आणि दुपारचे जेवण वाढणाऱ्या मावश्या सहसा सुटतात. त्यांना आधी मोजा, आणि शंका आली तर मोठी पेटी घ्या.