आजचा झाला का?

रोज एक फोटो काढायचा, आणि एकच काढायचा, असा काकांचा नेम आहे. असे काका आता जवळजवळ प्रत्येक सोसायटीत सापडतात. निवृत्तीनंतर कुणी भिशी लावतो, कुणी गुडघे बदलतो, हे कॅमेरा घेतात. बीपीची गोळी राहील, पण फोटो राहणार नाही. विषय कायम तोच, रोजचं साधं जगणं. या साध्या जगण्याची घरच्यांनी धास्ती घेतली आहे.

कारण साधं जगणं फोटोत आपोआप येत नाही, त्याला आणावं लागतं, असं काकांचं ठाम मत. त्यामुळे दूधवाल्याला कडीला अडकवलेली पिशवी काढून पुन्हा अडकवावी लागते. "माझ्याकडे बघू नकोस रे, रोज अडकवतोस तशी अडकव." पूर्वी तो पिशवी टांगून दोन जिने उतरलेलाही असायचा. आता केसांवरून हात फिरवून, मान तिरकी करून अडकवतो. मंडईतल्या मावशींनी तर एकदा विचारलंच, "जुडी घेताय का नुसतीच काढताय?"

पोह्यांचं दुःख वेगळं. वाफ दिसायची तर उजेड मागून हवा, म्हणून बशी गॅलरीत जाते. तिथे कोथिंबीर हलते, लिंबाची फोड घसरते, मग काका गुडघ्यावर बसतात आणि तोवर वाफ निघून जाते. पोहे पुन्हा कढईत. "आमच्याकडे गरम पोहे फक्त फोटोत मिळतात," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

हेच गृहस्थ रिळाच्या काळात काय होते म्हणता? छत्तीस फोटोंच्या एका रिळात गणपती, दिवाळी, महाबळेश्वर आणि धाकट्याचं जावळ बसवायचे. सदतिसावा निघाला तर पेढे वाटल्यासारखा चेहरा करायचे.

त्यांचं दैवत न्यूयॉर्कचं. जेमी लिव्हिंग्स्टन नावाच्या माणसानं 31 मार्च 1979 पासून रोज एक पोलरॉइड काढला, तो थेट 25 ऑक्टोबर 1997 पर्यंत, म्हणजे मरणाच्या दिवसापर्यंत. सहा हजारांवर फोटो झाले. काका ही गोष्ट डोळे मिटून सांगतात. "शेवटच्या दिवशीसुद्धा चुकवला नाही हो!" काकू आतून विचारतात, "त्याच्याकडे पोहे कोण करत होतं?"

प्रवासात तर नेमाला धार चढते. थंडीत उजनीच्या पाणथळीवर, भिगवणला, रोहित पक्षी येतात. ते बघायला अख्खं कुटुंब पहाटे होडीत बसलं. समोर गुलाबी थवा उठला, सगळे ओरडले, आणि काकांनी होडीवाल्याच्या भेगाळलेल्या टाचेचा फोटो घेतला. "पक्षी काय, सगळेच काढतात." वारीतही तसंच. दिवे घाटात वळणावळणानं चढणारी पालखी सोडून त्यांनी एका टेम्पोच्या मागच्या फळीवर वाळत घातलेला टॉवेल टिपला. टॉवेल चांगला आला होता, हे मान्य करायला हवं. काकांना नजर आहे. वेळेचं भान तेवढं नाही.

कारण दिवसाचा फोटो एकच, आणि तो ते सहसा सकाळी सातच्या आत उरकतात. मग दिवसभरात काहीही घडो, "आजचा झाला." लेकीच्या लग्नात अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, दोनशे मोबाइल वर उठले आणि काका हात जोडून प्रसन्नपणे उभे. त्या दिवसाचा फोटो पहाटेच कार्यालयाच्या मागच्या अंगणात झाला होता. घमेलंभर उकडलेले बटाटे, वरून कोवळं ऊन.

लग्नानंतर विहीणबाईंचा फोन आला. "तुमच्या ह्यांना फोटोंचा फार नाद आहे म्हणे. त्यांनी काढलेला लग्नातला एखादा पाठवा की, मोठा करून हॉलमध्ये लावू."

काकूंनी बटाटे पाठवले.