मेखेलेन नावाचं पनवेल

॥ श्री ॥

ब्रसेल्स,
रविवार, रात्री

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

फोटो कालच पाठवले. बाबांनी "छान" लिहिलं आणि आईने नेहमीचे जोडलेले हात टाकले. पण फोटोत तुमच्या विहीणबाई नुसत्या हसताना दिसतात, त्या काय काय बोलल्या ते दिसत नाही. म्हणून हे पत्र.

काल आम्ही अँटवर्पला निघालो होतो. पोचलो नाही. ह्यांनी आठवडाभर आधी यादी केली होती : स्टेशनची इमारत, रुबेन्स या चित्रकाराचं घर, हिऱ्यांचा बाजार (बाहेरूनच). गाडीत बसून स्थिरस्थावर होतोय तोवर खिडकीतून एक अवाढव्य चौकोनी मनोरा दिसायला लागला. सासूबाईंनी विचारलं, "हे कुठलं गाव?" हे मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले, "मेखेलेन. काही नाही, मधलं आहे."

पेणच्या बाईसमोर 'मधलं' म्हणू नये, एवढं पेणमध्येच वाढलेल्या मुलाला कळायला हवं होतं. "मधलं म्हणजे? तिथे माणसं राहत नाहीत का? आमच्या पेणवरून सगळं जग गोव्याला जातं. पापड घ्यायला गाडी थांबवतात, तेही इंजिन चालू ठेवून. उतरून गाव बघितलंय कुणी?" एवढं बोलून त्यांनी डब्याची पिशवी उचलली आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. दडपे पोहे त्याच पिशवीत असल्यामुळे मुलंही त्यांच्या मागे गेली. मग आम्हीही उतरलो.

बाबा, हे दुखणं तुम्हाला वेगळं सांगायला नको. "पनवेल आलं का?" असं विचारणाऱ्याला पनवेल नको असतं, पुढचं किती राहिलं ते हवं असतं. १८५२ सालची आपली नगरपालिका, १८७२ पासूनचा धूतपापेश्वरचा कारखाना, हाकेच्या अंतरावर शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचं घर, हे सगळं असूनही लोकांच्या लेखी पनवेल म्हणजे एस.टी. दहा मिनिटं थांबते ती जागा. आणि तुम्ही मात्र येईल त्या पाहुण्याला वडाळे तलावाला चक्कर मारायला लावता.

मेखेलेनची गंमत अशी की ते मुळात मधलं नव्हतंच. बेल्जियममधली पहिली रेल्वे ५ मे १८३५ रोजी धावली ती ब्रसेल्सहून इथपर्यंत. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटायला अजून अठरा वर्षं होती. म्हणजे पहिल्या दिवशी हे गाव शेवटचं स्टेशन होतं, माणसं इथेच येण्यासाठी गाडीत बसत होती. पुढच्याच वर्षी रूळ अँटवर्पपर्यंत गेले आणि मेखेलेनचं 'मधलं' झालं. विकास म्हणतात तो हाच. आपल्याकडे आता विमानतळामुळे लोक पनवेलवरून नुसते जाणार नाहीत, उडूनही जातील.

त्याच्याही आधी तर ही राजधानी होती. १५०७ साली ऑस्ट्रियाची मार्गारेट या सगळ्या मुलखाचा कारभार बघायला लागली, आणि तो तिने इथून बघितला. पुढे सम्राट झालेला तिचा भाचा पाचवा चार्ल्स तिच्याच देखरेखीखाली इथे वाढला. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने जिचं मुंडकं उडवलं ती अ‍ॅन बोलिन पोरवयात, १५१३ मध्ये, रीतभात शिकायला हिच्याच दरबारी होती. "रीतभात शिकून काय उपयोग झाला," इति विहीणबाई. १५३० मध्ये मार्गारेट गेली आणि राजधानी ब्रसेल्सला हलली. आपल्याला निदान हलवून नेण्यासारखं काही मिळालंच नाही, जिल्ह्याचं ठिकाण आपलं अलिबागच.

आता मनोरा. सेंट रुम्बोल्डच्या चर्चचा. १४५२ मध्ये बांधायला घेतला, १६७ मीटरपर्यंत न्यायचा बेत होता. ९७ मीटरवर आल्यावर १५२०च्या सुमारास काम थांबलं ते थांबलंच. वरून असा सपाट कापल्यासारखा दिसतो. थोरला खालून बघून म्हणाला, "आजोबांच्या गच्चीसारखं! वर मजला चढवायचा म्हणून सळया ठेवल्यात ना, तसं." बाबा, गच्चीचा विषय मी काढलेला नाही, याची नोंद घ्यावी. आई, तू घेशीलच.

वर जायला पाचशेहून जास्त पायऱ्या आणि लिफ्ट नाही. सासूबाईंनी विचारलं, "वर देव आहे का?" नाही म्हटलं. "मग कशाला मरायला जायचं?" आणि बाकावर बसल्या. तेवढ्यात विशीतलं एक जोडपं मनोऱ्यातून उतरून आलं, मुलगा भिंतीला टेकून धापा टाकत होता. सासूबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, पदर खोचला, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि आमच्या आधी तिकिटाच्या रांगेत.

वाटेत दम खायला खोल्या आहेत हे बरं. एका खोलीत माणूस आत शिरून चालेल एवढं लाकडी चाक आहे. पूर्वी माणसं त्यात चालायची आणि खालून दगड, घंटा वर खेचल्या जायच्या. धाकटीला वाटलं ते जिम आहे. त्याच्या वर घंटांचा मजला. या गावाचा खरा जीव घंटांत आहे. मनोऱ्यात ४९-४९ घंटांचे दोन संच आहेत, आणि एका संचावर पेटीसारखी गाणी वाजवतात; फक्त बोटांनी नाही, लाकडी दांड्यांवर मुठी मारून. ही विद्या शिकवायची शाळा इथे १९२२ साली निघाली आणि जगभरातून माणसं घंटा वाजवायला शिकायला इथे येतात. सासूबाईंना ते पटलं नाही. "घंटा वाजवायला शाळा?" त्यांची खरी तक्रार निराळी होती. एवढ्या घंटा टांगलेल्या, आणि एकीलाही हात लावायचा नाही! त्यांचा हात आपोआप वर गेला होता, ह्यांनी तो अर्ध्यातून धरला. मला पालीच्या बल्लाळेश्वराची घंटा आठवली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या घंटा आपल्या देवळांत कशा आल्या, ते तुम्ही तिथे उभं राहून सांगितलं होतं आणि मागे दर्शनाची रांग खोळंबली होती. मी तीच गोष्ट इथे सांगायला घेतली, तर माझ्याही मागे रांग खोळंबली. रक्ताचा गुण.

माथ्यावर काचेचा सज्जा आहे. हवा स्वच्छ असली की एकीकडे ब्रसेल्स आणि दुसरीकडे अँटवर्प दिसतं. हे बराच वेळ अँटवर्पच्या बाजूलाच उभे होते. "दिसलं ना? झालं तर," असं त्यांना मातोश्रींकडून सांगण्यात आलं.

याच मनोऱ्यावरून गावकऱ्यांना नाव पडलंय : 'मानेब्लुसर', म्हणजे चंद्र विझवणारे. १६८७च्या जानेवारीतल्या एका रात्री कुणा झिंगलेल्याला मनोरा लाल दिसला. आग! आग! म्हणून बोंब उठली. नगराध्यक्षासकट सगळं गाव बादल्या घेऊन धावलं, जिन्यात रांग लावून पाणी वर चढवायला लागलं, आणि माथ्यावर पोचायच्या आत धुक्यातून चंद्र सरकला. आग वगैरे काही नव्हती, चांदणं होतं. आपल्याकडे त्या साली संभाजी महाराज औरंगजेबाशी झुंजत होते आणि इकडे हे चंद्राशी. शेजारची गावं अजून चिडवतात. पण या बहाद्दरांनी त्याच नावाची बिअर काढली आहे. ह्यांनी ती इतिहासाच्या अभ्यासासाठी घेतली.

सासूबाईंना मात्र सगळ्यात आवडला तो चौकातला पुतळा. पेणच्या, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या गावच्या असल्यामुळे पुतळा दिसला की त्या आधी नाकडोळे तपासतात, इथे म्हणाल्या, "आखणी बरी आहे, पण हा हवेत का उडालाय?" तर ही गोष्ट. 'ओप-सिन्योरके' नावाचा लाकडी बाहुला १६४७ साली कोरून घेतला. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्या नवऱ्याचं सोंग. मिरवणुकीत चारी बाजूंनी चादर धरून त्याला वर फेकायचं, झेलायचं, परत फेकायचं. १७७५ मध्ये असाच फेकताना तो हुकला आणि बघ्यांतल्या एका अँटवर्पकरावर आला. बिचाऱ्याने डोकं वाचवायला हात वर केले, तर बाहुला चोरतो म्हणून गावाने त्यालाच बडवला. सासूबाईंनी ही हकीकत माझ्याकडून पुन्हा सांगून घेतली आणि पुतळ्याचे चहूबाजूंनी फोटो काढून त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकले. कीर्तनात लागतील म्हणे.

पोहे आम्ही डेइले नदीच्या काठी खाल्ले. नदीतूनच लाकडी पायवाट केली आहे, तिच्यावरून चालत जायचं. नारळ ब्रसेल्सच्या दुकानातला, त्यामुळे मूळचा ओलावा नव्हता. सासूबाईंनी डब्यातच वरून लिंबू पिळून, पोह्याचा पापड चुरून सावरून घेतलं. शेजारच्या बाकावरचे आजोबा हिंगाच्या वासाने वळून वळून बघत होते. शेवटी त्यांना झाकणात काढून दिले. त्यांनी हिरवी मिरची शेंग समजून खाल्ली. गाव विझवण्यात पटाईत आहे, त्यांनी त्यांची बाटली स्वतःच रिकामी केली.

एका जागी आम्ही गप्प झालो. दोसँ नावाची जुनी लष्करी बराक आहे. १९४२ ते ४४ मध्ये पंचवीस हजारांहून जास्त ज्यू आणि रोमा माणसांना इथे कोंडून रेल्वेने आउश्वित्झला पाठवलं. गाव याच रुळांवरचं होतं, म्हणून तेही सोयीचं पडलं. मुलं लहान आहेत, आत नेलं नाही. थोरल्याने विचारलं, त्याला झेपेल तेवढं सांगितलं.

परतीच्या गाडीत सासूबाईंनी जाहीर केलं की पुढच्या शनिवारीही अँटवर्पला जायचं नाही, त्या वाटेवर अजून कुठली गावं आहेत ती काढून ठेव. ह्यांनी यादी फाडली नाही, घडी करून पाकिटात ठेवली.

मेतकूट संपलं आहे. कुणी येणारं असेल तर पाठवा. बाबा, गुडघ्याला तेल लावताय ना?

तुमची,
ताई

ता. क. आल्यापासून सासूबाईंनी ह्यांच्यादेखत मला दोनदा विचारलं, घरात जुनी, मजबूत चादर आहे का. ह्यांनी आज न सांगता भांडी घासली.