कागदवाले काका

टूरच्या गाडीत पुढून दुसऱ्या सीटवर, काकूंना खिडकी देऊन, जे गृहस्थ ताठ बसलेले असतात त्यांच्या हातात कॅमेरा नसतो. कागद असतो. टूरवाल्यांनी पाठवलेला कार्यक्रमाचा कागद. त्याच्या तीन प्रती निघालेल्या असतात: एक बॅगेत, एक काकूंच्या पर्समध्ये आणि एक प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात, हाताशी. खिशाला दोन पेनं. निळं पेन टिक करायला, लाल शेरा मारायला. काकांची उभी हयात ऑडिटमध्ये गेलेली असते. नसली तरी तशी वाटते.

बाकीची मंडळी तो कागद विमानात बसल्यावर एकदा चाळतात. काकांनी त्यातल्या क्रियापदांचा अभ्यास केलेला असतो. ‘पाहणे’ म्हणजे आत जाऊन. ‘बाहेरून पाहणे’ म्हणजे उतरायचं, फोटो काढायचा, चढायचं. ‘गाडीतून पाहणे’ म्हणजे ड्रायव्हर ब्रेकही लावणार नाही. आणि ‘वेळ मिळाल्यास’ म्हणजे नाही. “फसवत नाहीत हो,” काका सांगतात, “लिहिलेलं असतं सगळं. आपण वाचत नाही.”

बँकॉकला नाश्त्याच्या टेबलावर ते घोषणा करतात, “आपल्याकडे आत्ता साडेपाच झालेत.” घड्याळ त्यांनी दीड तास पुढे केलेलंच नसतं. ती जबाबदारी काकूंच्या घड्याळावर. गाडी आठची, आठ वाजून चार मिनिटांनी टूर मॅनेजर पोराला हाक जाते, “अरे बाबा, कागदावर आठ आहे!”

आमच्या टूरला राजवाड्याच्या दाराशी मात्र या कागदाने एका तरण्याबांड गड्याची अब्रू राखली. तिथे गुडघे आणि खांदे झाकलेले लागतात. तशी तळटीप तिसऱ्या पानावर होती आणि ती काकांखेरीज कुणीच वाचली नव्हती. नाशिकचा एक मुलगा बर्म्युडात आला होता. बाहेर हत्तींच्या छापाचे ढगळ पायजमे विकायला असतात, पण काकांनी त्याला तिकडे फिरकू दिलं नाही. पिशवीतून स्वतःचा जादा पायजमा काढला. पट्ट्यापट्ट्यांचा, नाडीसकट. “होतंच असं कुणाचं तरी. म्हणून ठेवतो.” सोनेरी कळस, काचेच्या नक्षीचे खांब, दाराशी उभे उंच यक्ष आणि त्यांच्यापुढे काकांच्या पायजम्यात सेल्फी काढणारा तो मुलगा. त्याच्या बायकोने फोटो लगेच घरी पाठवला.

पहिला राम हे बिरुद असलेल्या राजाने 1782 साली राजधानी नदीपलीकडून इकडे आणली आणि हा वाडा बांधायला घेतला, असं थाई गाइड सांगत होता. काकांचा प्रश्न तयार होता. “राजा कुठल्या मजल्यावर राहतो?” इथे राहत नाही, गाइड म्हणाला, इथे फक्त समारंभ होतात. काकांनी लाल पेन काढलं. पुढे ‘पाचूचा बुद्ध’ आला. उंच सिंहासनावर, जेमतेम 66 सेंटिमीटरची हिरवी मूर्ती, आणि गाइड हळूच म्हणतो की ही पाचूची नव्हे, जेडची आहे. दुसरा लाल शेरा! आत फोटो काढायला बंदी म्हणून काका शांतपणे मांडी घालून बसले, कारण पाय मूर्तीकडे करायचे नाहीत हेही त्यांनी वाचलेलं. मग कळलं की या मूर्तीची ऋतूप्रमाणे तीन वस्त्रं आहेत, उन्हाळ्याचं, पावसाळ्याचं, हिवाळ्याचं, आणि ती बदलायला वर्षातून तीनदा राजा येतो. “स्वतः? माणूस नाही पाठवत?” स्वतः. काकांनी दोन्ही लाल शेरे खोडले.

खरी पंचाईत झाली ती भित्तिचित्रांपाशी. ओवरीच्या भिंतींवर 178 चित्रांतून रामायण रंगवलंय, थाई लोकांचं ‘रामकियन’. काका प्रसंग ओळखत, इतरांना सांगत निघाले होते. एवढ्यात हनुमान एका मत्स्यकन्येशी लाडीगोडी करताना दिसला. गाइड कौतुकाने म्हणाला, ही रावणाची मुलगी. सेतू मोडायला आली आणि याच्या प्रेमात पडली. आमचा हनुमान फार रसिक! काका पार गोरेमोरे. “ब्रह्मचारी आहे तो!” गाइड हसून मान डोलवत राहिला. शेवटी काकू म्हणाल्या, “असू दे हो. सासर असेल त्याचं इथे.” काकांनी तिथे टिकही केली नाही, शेराही मारला नाही. नुसतं प्रश्नचिन्ह काढलं.

सोन्याच्या बुद्धापाशी ते पुन्हा फॉर्मात आले. मूर्ती हलवताना 1955 साली गिलावा फुटला आणि आत सोनं निघालं. साडेपाच टन! “म्हणजे साडेपाच लाख तोळे,” काका क्षणात म्हणाले आणि आजच्या भावाने गुणायला लागले. शुद्धता सगळीकडे सारखी नाही असं गाइडने सांगितल्यावर गुणाकार अर्धवट राहिला. त्याचं दुःख त्यांना जेवणापर्यंत पुरलं.

वाट फो या देवळात 46 मीटर लांबीचा बुद्ध आडवा पहुडलेला आहे. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात 108 शुभचिन्हं, आणि पाठीमागच्या भिंतीशी 108 कांस्यपात्रं. 20 बाट देऊन वाटीभर चिल्लर घ्यायची आणि एकेका पात्रात एकेक नाणं टाकत जायचं. बाकी आम्ही मूठमूठ टाकून मोकळे झालो. काका ओठ हलवत, मोजत गेले. शेवटच्या पात्राशी हातात दोन नाणी उरली. म्हणजे एकतर दोन पात्रं चुकली, नाहीतर दोन नाणी जास्त आली! ते उलटे चालत आले, रांगेतल्या लोकांची माफी मागत, पात्रं पुन्हा मोजली. बरोबर 108. मग ती नाणी परत करायला वाटीवाल्या बाईकडे. तिला काही उमगेना, यांना सांगता येईना. तिने हात जोडले, यांनी जोडले, तिने पुन्हा जोडले. अखेर तिने काकांचा हात धरून नेला आणि ती दोन्ही नाणी शेवटच्या पात्रात टाकायला लावली.

“त्याला पावती नाही,” काका पुटपुटले. पण टिक केली.

बाहेर टूर मॅनेजर हातवारे करत होता. “काका, सगळे गाडीत बसलेत! किती वेळ!”

काकांनी पाकीट पुढे केलं. “वाट फो, एक तास. अजून नऊ मिनिटं आहेत.”

गाडीत नाशिकचा मुलगा पायजम्याची नीट घडी घालून उभा होता, परत द्यायला. काकांनी कागद पाहिला, मग त्याच्या उघड्या गुडघ्यांकडे पाहिलं.

“चढव परत. नदीपलीकडे वाट अरुण आहे. आतून.”