सुटे भाग मिळतात का?

पन्नाशीला टेकलेल्या काही पुरुषांना गुडघेदुखी होते, काहींना मॅरेथॉन होते, आणि काहींना रिमोटवर पळणारा ट्रक घ्यावासा वाटतो. या तिसऱ्या व्याधीचे एक जुने रुग्ण आमच्या सोसायटीत, पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर राहतात. मुलं त्यांना रिमोटकाका म्हणतात. ट्रकला कुणी खेळणं म्हटलं की काका आधी चष्मा पुसतात आणि मग समजावतात, "खेळण्यातलं काही मोडलं की ते भंगारात जातं. याचं मोडलं की मोडलेला तेवढाच तुकडा विकत मिळतो." हे ते इतक्या गांभीर्यानं सांगतात की ऐकणाऱ्याला स्वतःच्या गुडघ्याचा विचार येतो.

काका चिंचवडच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात आहेत. तिथे तीन कोटेशनं समोर ठेवली की लाखांची मशिनं एका बैठकीत मंजूर करतात. घरचा फ्रिज काकूंनी अर्ध्या तासात घेतला. त्या वेळी काका दुकानाच्या पायरीवर उभे राहून, शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये पातळ तेल घालावं की दाट, याचा व्हिडिओ बघत होते. ट्रकची निवड मात्र दोन दिवाळ्या चालली होती.

सुरुवातीला तो मुलासाठी घ्यायचा होता. मुलगा नववीत. त्यानं एकदाच मान वर करून विचारलं, "बाबा, हा फोनवरून चालतो?" नाही म्हटल्यावर त्याची मान परत फोनमध्ये गेली. तरी काकांच्या एक्सेल शीटचं नाव शेवटपर्यंत 'चिरंजीवांसाठी' हेच राहिलं.

पहिला पेच जातीचा. मॉन्स्टर ट्रकची चाकं मोठी, पोट जमिनीपासून उंच, विटा-दगड काही अडत नाही. पण जोरात वळवला की टुणकन उलटतो. क्रॉलर दगडांवरून घोरपडीसारखा चढतो, मात्र माणसाच्या चालीनं. तिसरा शॉर्ट कोर्स, अमेरिकेतल्या धुळीच्या मैदानांवरच्या शर्यतींतल्या खऱ्या ट्रकची नक्कल. त्याची चाकं बॉडीच्या आणि बंपरच्या आत झाकलेली असतात, म्हणजे शर्यतीत दोन गाड्या एकमेकींना घासल्या तरी एकीचं चाक दुसरीवर चढत नाही. त्या मोठ्या बॉडीचा तोटा असा, की उडी मारल्यावर आत हवा भरते आणि ट्रकचं नाक वर जातं. काकांचा स्वभाव क्रॉलरचा आणि हौस मॉन्स्टरची. दोन्हींतून मार्ग काढायला त्यांनी शॉर्ट कोर्स निवडला, असं माझं मत आहे. त्यांचं मत वेगळं आहे आणि ते एक्सेलमध्ये आहे.

मग मोटार. ब्रशवाल्या मोटारीत कार्बनचे ब्रश झिजतात, पण ती स्वस्त, सुरुवातीला संथ आणि सरळमार्गी. ब्रशलेस महाग आणि तुफान. तिच्यावर केव्ही नावाचा आकडा असतो. व्होल्टेजनं गुणला की बिनओझ्याचे मिनिटाला किती फेरे ते कळतं. काकांनी एकदा जेवताना गुणाकार केला: साडेतीन हजार केव्ही, दोन सेलची बॅटरी म्हणजे ७.४ व्होल्ट, झाले २५,९०० फेरे. काकू म्हणाल्या, "अहो, पार्किंगमध्ये कुठं जायचंय एवढ्या घाईनं?" काकांनी भात कालवला. पण ब्रशलेसचा रकाना त्या रात्री लाल झाला.

या सगळ्यामागे एक जुनं दुखणं आहे, ते काका फारसं बोलून दाखवत नाहीत. ऐंशीच्या दशकात वाड्यातल्या एका मुलाच्या दुबईच्या मामानं तामियाची गाडी आणली होती. जपानच्या शिझुओकामधली ही कंपनी. १९८४मध्ये तिनं ग्रासहॉपर आणि हॉर्नेट काढल्या, १९८७मध्ये लंच बॉक्स नावाची पिवळी व्हॅन. थ्रॉटल दाबला की ती पुढची चाकं उचलून मागच्या दोन चाकांवर उभी राहायची. गाडीला हात लावायची परवानगी काकांना नव्हती. खोक्याला होती. खोक्यावरचं ते चित्र त्यांना अजून डाव्या कोपऱ्यापासून उजव्यापर्यंत सांगता येतं. यातल्या बऱ्याच गाड्या तामियानं पुढे पुन्हा बाजारात आणल्या, आज लंच बॉक्स सहज मागवता येते. काका मागवत नाहीत. "सस्पेन्शन अगदीच जुनाट आहे हो," म्हणतात. एवढ्या वर्षांनी हातात आली आणि नुसतीच उड्या मारत राहिली तर काय घ्या, ही भीती त्यांनी सस्पेन्शनच्या खात्यावर टाकली आहे.

शेवटी ठरला तो ट्रॅक्सासचा स्लॅश. २००८मध्ये आलेला, खऱ्या ट्रकच्या एक दशांश मापाचा, मागच्या दोन चाकांना जोर असलेला, ब्रशवाली मोटार. चारही चाकांना जोर असलेला घेतला असता तर मुरमावर पकड चांगली मिळाली असती. पण मग जास्त डिफरन्शियल, जास्त शाफ्ट, मोडायला जास्त जागा. आणि स्लॅशच्या बाजूनं निर्णायक मुद्दा असा, की तो इतका खपला आहे की त्याचा शेवटचा स्क्रूसुद्धा नंबरानं मिळतो. सुट्या भागांचा नकाशा काका पंचांगासारखा वाचतात. कुठल्या उडीनंतर कुठल्या भागाला वक्री येणार, हे त्यांना आधीच ठाऊक असतं.

म्हणून त्यांनी आधी सुटे भाग मागवले. पुढचे-मागचे सस्पेन्शन आर्म, मोटारीवरचा पिनियन, त्याला लागणारं मोठं स्पर गिअर, बॉडी अडकवायच्या क्लिपांची पुडी (या क्लिपा गवतात पडण्यासाठीच बनवलेल्या असतात), बेअरिंगं. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, दोन फेऱ्या मारून बॅटरी जोडायचे एक्सटी-साठ कनेक्टर आणले. माळ्यावरचं खोकं भरत आलं तेव्हा काकू आत डोकावून म्हणाल्या, "आता हेच सगळं जोडलं तर एक ट्रक होईल की!" काका त्या रात्री जागेच होते. बहुधा बेरीज करत.

ट्रक विमानानं आला. लिथियम पॉलिमर बॅटरीला विमानाचे नियम कडक, म्हणून ती रस्त्यानं, म्हणजे ट्रकनं आली. मधल्या दिवसांत काका हॉलमध्ये ट्रक हातानं ढकलून सस्पेन्शन तपासत होते. तोंडानं आवाज काढत नव्हते, असं ते म्हणतात. काकांच्या आई म्हणतात, काढत होता.

बॅटरी आल्यावर घरात नवजात बाळाचे नियम लागू झाले. सेलमागे ४.२ व्होल्टच्या वर चढवायची नाही, तीनच्या खाली उतरू द्यायची नाही, वापर नसेल तेव्हा ३.८वर ठेवायची, फुगली की पुन्हा चार्ज करायची नाही आणि चार्जिंगला लावून झोपायचं नाही. चार्जिंग गॅलरीत, मातीच्या मडक्यात, झाकण न लावता. आईंनी पहिल्या दिवशी मडक्यात डोकावून विचारलं, "काय रे, विरजण लावलंयस?" काका म्हणाले, "आई, हात नको लावूस." घरात या वाक्यानं बोलणारा माणूस आजवर एकच होता, आणि त्या आईच होत्या.

पहिली फेरी टेकडीच्या पायथ्याच्या मुरमाच्या मैदानावर झाली. सकाळी फिरायला आलेली मंडळी थांबली, कुत्री मागे लागली, मागची चाकं घसरून ट्रकनं धुळीत सुंदर अर्धवर्तुळ काढलं, आणि कुत्र्याला वाचवायच्या नादात तो कुंपणाच्या खांबावर आदळला. पुढचा उजवा आर्म मोडला. लोक हळहळले. एक आजोबा म्हणाले, "गेले हो पैसे." काका चाक हातात घेऊन बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं होतं त्याला आनंदाखेरीज दुसरं नाव देता येणार नाही. त्यांनी मोजून ठेवलेला भाग, मोजून ठेवलेल्या जागी, मोडला होता. आणि घरी माळ्यावर तो होता!

त्या रात्री दीडपर्यंत त्यांच्या हॉलचा दिवा चालू होता. आर्म वीस मिनिटांत बसला असणार. पण उघडलाच आहे तर म्हणून त्यांनी मोटारही काढली आणि पिनियन-स्परच्या दातांमधली फट पीएमपीचं तिकीट मध्ये घालून पुन्हा नीट बसवली. हे तिकिटाचं तंत्र खरं आहे. पातळ कागदाची पट्टी दोन्ही दातांत धरायची, मोटार आवळायची आणि कागद ओढून काढायचा. फार घट्ट बसलं तर मोटार तापते, सैल राहिलं तर दात जातात. काका एरवी स्कूटरनं जातात. तिकिटासाठी ते मुद्दाम डेपोपर्यंत बसनं जाऊन आले होते.

आता सोसायटीतल्या आणखी दोघांना ट्रक घ्यायचाय आणि सल्ल्यासाठी ते काकांकडे येतात. पहिल्यानं आल्या आल्या वेग विचारला; त्याला चहा मिळाला. दुसऱ्यानं सुट्या भागांचं विचारलं. त्याला माळ्यावर नेलं.

तुमच्याही इमारतीत असा कुणी असेल तर त्याला 'केवढ्याला पडला?' असं विचारू नका, निदान काकू समोर असताना नको. विचारायचंच तर सुट्या भागांचं विचारा. फक्त रविवारी सकाळी विचारा आणि घरी सांगून जा, की जेवायला वाट बघू नका.