सदसद्विवेक, पण कुणाच्या खर्चानं?

मारिओ क्युओमो १२ वर्षं न्यूयॉर्कचे गव्हर्नर होते. विधिमंडळ देहदंड परत आणणारं विधेयक मंजूर करायचं, क्युओमो नकाराधिकार वापरून ते हाणून पाडायचे. एकदा नाही, १२ वेळा. लोकांना देहदंड हवा होता, हे राज्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. क्युओमो मात्र हलले नाहीत. १९९४ साली जॉर्ज पटाकी देहदंडाचं आश्वासन देऊन त्यांच्यासमोर उभे राहिले आणि जिंकले. पुढच्याच वर्षी कायदा झाला.

हेच क्युओमो सप्टेंबर १९८४ मध्ये नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठात बोलायला गेले होते. गर्भपाताबद्दलची चर्चची शिकवण मी मानतो, माझ्या घरात पाळतोही. पण ती न मानणाऱ्या लाखो लोकांवर कायद्याचा बडगा उगारून ती लादणार नाही, असा त्या भाषणाचा आशय होता. तेव्हापासून त्यांच्यावर एकच आरोप होत आला. देहदंडाच्या वेळी लोकांविरुद्ध उभे राहिलात, मग गर्भपाताच्या वेळी लोकमताच्या आड का लपलात?

आरोप बिनतोड वाटतो. मला तो पटत नाही. नकाराधिकाराची किंमत क्युओमोंनी स्वतः मोजली, खुर्ची देऊन. त्यांनी देहदंडाला विरोध केला तोही पोपच्या हवाल्यानं नव्हे. त्यानं गुन्हे कमी होत नाहीत, चुकून निर्दोष माणूस मेला तर तो परत येत नाही, ही त्यांची कारणं कुणाही नास्तिकाला तपासता येतील अशी होती. शिवाय ती मतदारांना आधी माहीत होती. ती माहीत असूनच १९८६ आणि १९९० साली त्यांना निवडून दिलं गेलं. गर्भपातबंदीची किंमत मात्र गव्हर्नर मोजत नाही. ती एखादी बाई मोजते, आणि तिचा धर्म कुणी विचारत नाही.

ती किंमत गर्भही मोजतो, असं विरोधक म्हणतात. हे म्हणणं प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. आयर्लंडनं ते १९८३ साली देऊन पाहिलं. आई आणि गर्भ यांच्या जिवाचा हक्क समान, अशी आठवी दुरुस्ती जनतेनं सार्वमतानं राज्यघटनेत घातली. दोन-तृतीयांश मतदार बाजूनं होते. म्हणजे तिथं श्रद्धा आणि मतदार यांच्यात भांडणच उरलं नव्हतं.

आणि मग ऑक्टोबर २०१२. बेळगावच्या घरची सविता हलप्पनवार. वय ३१, पेशानं दंतवैद्य. १७ आठवड्यांची गरोदर असताना ती गॉलवेच्या रुग्णालयात दाखल झाली. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळलं होतं. तिनं गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके चालू होते म्हणून तो नाकारला गेला. हे कॅथलिक राष्ट्र आहे, असं तिथल्या एका परिचारिकेनं तिला सांगितलं होतं. चौकशीत तिनं ते कबूल केलं. २८ तारखेला सविता जंतुसंसर्गानं गेली. संसर्ग ओळखण्यात रुग्णालयही चुकलं, हे नोंदलं गेलं आहे. पण डॉक्टरांच्या डोक्यावर कायद्याची टांगती तलवार होती, हेही नोंदलं गेलं आहे. सविता हिंदू होती. त्या देशाच्या सदसद्विवेकाचा हिशोब तिच्या खात्यावर मांडला गेला.

२०१८ साली तीच दुरुस्ती त्याच जनतेनं रद्द केली. यावेळीही बाजूनं दोन-तृतीयांश मतं होती! लोकेच्छा म्हणजे ब्रह्मवाक्य, असं मानणाऱ्यांनी ही दोन सार्वमतं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

त्याच आयर्लंडच्या लुसिंडा क्रेटन. सवितानंतर २०१३ साली, आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भपाताला परवानगी देणारा मर्यादित कायदा आला. पंतप्रधान एन्डा केनी स्वतः कॅथलिक, पण आपण कॅथलिकांचे पंतप्रधान नाही असं त्यांनी संसदेत ठणकावलं. क्रेटन त्यांच्या सरकारात राज्यमंत्री होत्या. त्यांनी पक्षादेश मोडून विरोधात मत दिलं. पद गेलं, संसदीय पक्षातली जागा गेली, २०१६ साली मतदारसंघही गेला. मला त्यांचं मत चुकीचं वाटतं, अगदी मनापासून चुकीचं वाटतं. तरी त्यांच्याबद्दल आदर वाटतो. मत त्यांचं होतं आणि भुर्दंडही त्यांनीच भरला.

राष्ट्राध्यक्षपदाचे कॅथलिक उमेदवार जॉन केनेडी यांनी १९६० साली ह्यूस्टनमध्ये प्रॉटेस्टंट पाद्र्यांसमोर केलेल्या भाषणातला चर्च आणि राज्य वेगळं ठेवण्याचा भाग सगळ्यांना आठवतो. त्यातच त्यांनी असंही सांगितलं होतं की सदसद्विवेक मोडल्याशिवाय किंवा राष्ट्रहित दुखावल्याशिवाय पद सांभाळता येणार नाही अशी वेळ आलीच, तर मी राजीनामा देईन. हे वाक्य फारसं कुणी काढत नाही. कॅथलिक नेत्यांना ते सर्वांत अडचणीचं आहे.

टिम केन यांनी त्या वाक्याची परीक्षा दिली आणि, माझ्या मते, ते नापास झाले. तरुणपणी जेझुइट मिशनऱ्यांबरोबर होंडुरासमध्ये राहिलेले, वकील म्हणून देहदंडाच्या कैद्यांसाठी लढलेले. २००५ साली व्हर्जिनियाच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत प्रतिस्पर्ध्यानं याच मुद्द्यावर त्यांना घेरलं. देहदंडाला माझा धार्मिक विरोध आहे पण कायदा पाळीन, असं ते म्हणाले. शब्द पाळला. चार वर्षांत ११ जणांना मारण्यात आलं. केन यांनी मतदारांना फसवलं नाही, हे मान्य. पण देहदंड चूक आहे असं मानणाऱ्या माणसाच्या अंतिम होकारानं ११ जण गेले, आणि तो माणूस पुढे सिनेटमध्ये गेला.

बिशपांचंही बोलू. गर्भपाताच्या हक्काची बाजू घेतली म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्चबिशपांनी मे २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष, कॅथलिक नॅन्सी पेलोसी यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सा या उपासनेतला पवित्र प्रसाद, नाकारलं. देहदंड कोणत्याही परिस्थितीत अस्वीकार्य आहे, असं पोप फ्रान्सिस यांनी २०१८ सालीच चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथात लिहून घेतलं होतं. टेक्ससचे गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट कॅथलिक आहेत आणि त्यांच्या राज्यात देहदंड अमलात येत राहिले. त्यांना मिस्सेत कुणी अडवलं नाही. युद्ध आणि देहदंड यांवर कॅथलिकांत मतभेद असू शकतात, गर्भपातावर नाही, हा २००४ सालचा कार्डिनल रात्झिंगर यांचा खुलासा इथं पुढे केला जातो. पण २०१८ नंतर तो कितपत टिकतो, हे बिशपांनी सांगावं. नियम एका पक्षापुरता लावला की तो पक्षादेश होतो.

आणि कॅथलिक राष्ट्राध्यक्ष जो बायडन. २०२० साली केंद्रीय देहदंड संपवण्याचं आश्वासन त्यांनी दिलं. त्यांच्या कारकिर्दीत केंद्रानं कुणाला मारलं नाही, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायलाच हवं. पण देहदंडाचे ४० कैदी कोठडीत तसेच होते आणि सरकारी वकील त्या शिक्षांचं समर्थन कोर्टात करतच होते. त्यांपैकी ३७ जणांची शिक्षा बायडन यांनी जन्मठेपेत बदलली ती २३ डिसेंबर २०२४ ला. तोवर निवडणूक होऊन गेली होती, पक्ष हरला होता, मतदारांकडे पुन्हा जायचं नव्हतं. ३७ जीव वाचले याचा मला आनंद आहे. उरलेल्या तिघांना वगळलं, कारण त्यांचे गुन्हे दहशतवादाचे आणि द्वेषातून केलेल्या सामूहिक हत्येचे होते. चर्चच्या शिकवणीत त्या तिघांसाठी अपवाद नाही. अपवाद होता तो लोकमतात.