सांगून येणारं पाणी

रेडीत गढूळ पाण्याचं कुणाला अप्रूप नाही. लोहखनिजाच्या खाणींचं हे गाव. पाऊस धरला की वहाळ तांबडे होऊन धावतात. इथला द्विभुज गणपतीसुद्धा 1976 साली खाणीच्या मातीतूनच वर आला, तेव्हा मातीने माखण्यात आम्ही कमीपणा मानत नाही.

पण घरात नवी फिशटँक आणली, दोन-चार दिवसांत तिचं पाणी दुधाळ झालं आणि आळीत चर्चा सुरू झाली. मुळात इथे मासा शोभतो तो ताटात. काचेतल्या गप्पींकडे बघून ‘खाऊचे नाय तर पाळलास कित्याक?’ हे शेजारच्या काकांनी आधीच विचारून घेतलं होतं. आता सल्ले येऊ लागले. कुणी तुरटी फिरवायला सांगितली, कुणी निवळीची बी उगाळायला. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: ‘सगळा पाणी उपस आणि बावीचा ताजा भर.’

तुरटी आणि निवळी गुणाच्या खऱ्या, पण त्यांची मात्रा मातीवर. मातीचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात, तळाशी बसतात. टाकीतला पांढरेपणा जिवंत असतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा यांवर जगणारे जीवाणू नव्या टाकीत मोकळं रान बघून भराभर वाढतात आणि त्यांच्या गर्दीनेच पाणी दुधाळ दिसतं. सगळं पाणी उपसलं तरी वाळूतलं खाद्य तिथेच असतं, गर्दी पुन्हा जमते. त्यापेक्षा माशांना चिमटीभरच घालावं आणि गप्प बसावं. खाद्य आटलं की गर्दी आपली आपण पांगते. अडचण एवढीच की गप्प बसणं हा उपाय आहे, हे आळीत कुणालाच पटत नाही.

पण खरी भीती या पांढऱ्या पाण्याची नव्हेच. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सुटत असतो आणि त्याला रंग नाही. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी आणि तेही बिनरंगी. दुसरे जीवाणू त्याचं बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही दोन्ही मंडळी सावकाश वाढणारी. वाळूला, फिल्टरच्या स्पंजला धरून राहतात आणि त्यांचा जम बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर पाणी लख्ख दिसलं तरी मासे आतल्या आत गुदमरू शकतात.

हे उलगडायला माणसाला आठवडे नव्हे, दशकं लागली. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 साली मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून टाकीचा समतोल मांडला. त्यांच्याच नावाच्या मुलाने पुढे रॉथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात अमोनियापासून नायट्रेट होण्याचे दोन टप्पे शोधले. ते जीवाणू वेगळे काढणं मात्र 1890 च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्कींना साधलं. बापाच्या काचेतलं कोडं लेकाने मातीत सोडवत आणलं आणि शेवटचा मान तिसऱ्याच्याच पदरात पडला.

आपण मात्र आयतं ज्ञान वापरायचं. जुन्या, जमलेल्या टाकीतला स्पंजाचा तुकडा नव्या फिल्टरमध्ये विरजणासारखा घातला की काम लवकर होतं. जांभ्या दगडातल्या बावीचं पाणी मऊ आणि आंबटसर असतं, त्यात या जीवाणूंची वाढ मंदावते. त्यावर औषध रविवारच्या जेवणातच मिळतं: तिसऱ्यांच्या शिंपल्या. खरवडून, उकळून वाळूत पेरल्या की त्यातला चुना हळूहळू विरघळतो आणि आंबटपणा मारतो. टाकी पाळायची तर आधी तिसऱ्या खाव्या लागतात, हे कळल्यावर आळीचा माशांवरचा राग बराच निवळला.

पाणीही निवळलं. काका कौतुकाने म्हणाले, ‘आता कसा आरसो झालो!’ मी नळीत पाणी घेऊन चाचणीचे थेंब टाकले. बघता बघता नळी जांभळी झाली, म्हणजे नायट्राइट भरपूर होतं. स्वच्छ दिसणारं पाणीच जास्त धोक्याचं, हे मी काकांना समजावलं. त्यांनी जांभळ्या नळीकडे पाहिलं, मग काचेकडे, आणि निकाल दिला, ‘त्यापरीस आमचा तांबडा पाणी बरा. सांगान तरी येता.’